आखाजी : क्रीडा आणि ऋण

संस्कृत कवींनी वसंताचे जे वैभव वर्णिले आहे त्यातील मलयानिल, जलक्रीडा, कोकिलकूजन आणि आंबा यांपैकी खान्देशाच्या वाट्याला निश्चितपणे येतो तो आंबा तेवढा. बाकी चैत्र सरून वैशाख लागतो न लागतो तोच भुसावळ-जळगावकडे पारा 44-45 अंशांपर्यंत चढलेला असतो, गिरणा आणि पांझरा यांची पात्रे वाळूची झालेली असतात, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून शेते उघडी पडलेली असतात, आणि भर दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. पंचांग मात्र याच दिवसांना वसंत म्हणते; आणि त्या वसंतातील उघड्यावरचा, झाडाखालचा, आबालवृद्धांनी मिळून खेळण्याचा जो एक मोठा सण खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो वैशाख शुद्ध तृतीयेचा. साडेतीन मुहूर्तांत गणना होणारी ही अक्षय्य तृतीया अन्यत्र दानधर्माची, नव्या उपक्रमाची आणि अलीकडे सराफांच्या पेढीची तिथी झाली आहे. खान्देशात तिचे नाव आखाजी, आणि आखाजी म्हणजे खेळ: लेकीबाळींचा झोका, मुलांचा विटीदांडू आणि सूरपारंब्या, बाप्यांचे पत्ते.

धार्मिक तिथी आणि खेळ यांचे असे एकत्र नांदणे पाहून विचारी मनुष्याला एक शंका येते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. धर्माने खेळाला केवळ मुभा दिलेली आहे काय? मनुष्य वर्षभर राबतो, त्याला एक दिवस मोकळा सोडला नाही तर तो उरलेले दिवस नीट वागणार नाही, एवढ्या व्यावहारिक धोरणाने दिलेली ती सवलत आहे, की खेळ हा स्वतःच धर्माच्या गाभ्यातील काही वस्तू आहे? वात्स्यायनाने यक्षरात्री, कौमुदीजागर आणि सुवसंतक असे लोकोत्सव नागरिकाच्या दिनचर्येत नोंदवून ठेवले, हर्षाने 'रत्नावली'चा पडदा कौशांबीच्या वसंतोत्सवावरच उघडला. परंतु हे दोघेही रसिकांचे ग्रंथकार, त्यांची साक्ष या प्रकरणी दाखल करून घेता येत नाही. साक्ष हवी ती मोक्षशास्त्राची.

ती आश्चर्यकारक रीतीने मिळते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात बादरायणांनी पूर्वपक्षाच्या तोंडी एक अडचणीचा आक्षेप घातला आहे: कोणतीही प्रवृत्ती प्रयोजनावाचून होत नाही, ब्रह्म तर नित्यतृप्त, मग त्याने जगत् निर्माण करण्याच्या उठाठेवीत का पडावे? प्रयोजन मान्य करावे तर तृप्ती जाते, न करावे तर सृष्टी वेडाचाराची ठरते. यावर सूत्रकारांचे उत्तर एका ओळीचे आहे, आणि त्यात त्यांनी सृष्टीला निव्वळ लीला म्हटले आहे. शंकराचार्यांनी भाष्यात दृष्टांत दिला तो राजाचा. ज्याच्या साऱ्या कामना पुरल्या आहेत असा एखादा राजा वा अमात्य क्रीडास्थानी रमतो, तेव्हा त्यास त्यापासून काही मिळवावयाचे नसते. श्वासोच्छ्वास जसा हेतूवाचून चालतो, तशी ही प्रवृत्ती. तेव्हा खेळ हा शिणलेल्यांचा विरंगुळा ठरत नाही. तो पूर्णकामाचा स्वभाव ठरतो, आणि ज्याला काही हवे आहे त्याचे आचरण, कितीही गंभीर असले तरी, त्याच्या एक पायरी खालीच राहते.

सिद्धांत उदात्त आहे, पण तो पारोळ्याच्या वा शिंदखेड्याच्या शेतकऱ्यापुढे ठेवला की लगेच अडखळतो. ईश्वर खेळतो, कारण तो कोणाचे काही देणे लागत नाही. माणूस जन्मतो तोच देणेकरी म्हणून. तैत्तिरीय संहितेने ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे त्याच्या नावे जन्मतःच चढवून ठेवली आहेत. त्यांखेरीज सोसायटीचे पीककर्ज, दुकानदाराची उधारी, लेकीच्या लग्नात हातउसने घेतलेले, हे निराळेच. असा मनुष्य खेळावयास बसला तर ती लीला म्हणावी की देणेकऱ्याचा पळ? पूर्णकाम होईपर्यंत खेळू नये असे म्हणावे, तर पृथ्वीवर कोणी खेळणारच नाही.

या पेचाला शास्त्रकारांनी उत्तर दिल्याचे माझ्या वाचनात नाही. आखाजीच्या दिवसाचा क्रम पाहिला म्हणजे मात्र वाटू लागते की कोण्या अनाम पूर्वजांनी तो पेच ओळखला होता, आणि ग्रंथ लिहिण्याऐवजी दिवसाची मांडणी करून तो सोडविला होता.

सकाळ पितरांची असते. पाण्याने भरलेली मातीची घागर मांडावयाची, तिच्यावर लहान मातीचे भांडे, त्यावर खरबूज, सांजोरी आणि आंबे ठेवावयाचे. गेलेल्यांची नावे घेऊन पूजा करावयाची. आणि चुलीतील निखाऱ्यांवर पहिला घास अर्पण करावयाचा, ज्याला येथे आगारी टाकणे म्हणतात. वैशाखात तहानेइतके दुसरे सत्य नाही, म्हणून पितरांना पाणी. मग जेवण: आमरस, कुरडया, आणि उपड्या खापरावर भाजलेली, हातावर फिरवून फिरवून कोपरापर्यंत वाढविलेली पुरणाची पोळी, म्हणजे मांडे. मांडे म्हटले की मुक्ताबाईची आठवण न होणारा मराठी मनुष्य विरळा. विसोबाने कुंभारांना दटावून खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त करून आपली पाठ पुढे केली आणि बहिणीने तिच्यावर मांडे भाजले, अशी ती कथा. ती आळंदीची खरी. परंतु तीच मुक्ताबाई पुढे तापीकाठी मेहुणजवळ, याच वैशाखाच्या वद्य पक्षात, विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावली असे वारकरी परंपरा मानते, आणि आजचे मुक्ताईनगर तिच्या नावाने ओळखले जाते. चौदा भुवनांच्या गोष्टी करणाऱ्या त्या भावंडांच्या चरित्रातही मांड्याचा हट्ट करणारी एक लहान मुलगी आहे, हे मला नेहमी सूचक वाटत आले आहे.

पितरांचे देणे फिटले की माणसांचे. खान्देशात शेतावरील वर्षाच्या गड्याला सालदार म्हणतात, आणि त्याचे साल आखाजी ते आखाजी. या दिवशी मागचा हिशेब होतो: किती रोख दिले, किती धान्य नेले, खाडे किती पडले, बाकी कोणाकडे निघते. दोन्ही पक्षांची रुजुवात झाली की जुना करार संपला. सालदार राहील किंवा सोडील, ती बोली नंतरची. परंतु जुने साल संपणे आणि नवे लागणे यांच्या मध्ये काही घटकांची अशी एक फट पडते की तेवढ्या वेळात तो मनुष्य कोणाचाही चाकर नसतो.

तिसरे देणे लेकींचे आहे, आणि ते कुळाने फेडावयाचे आहे. सासरी दिलेल्या मुलीला आणावयास मुराळी जातो, आणि ती येते ती केवळ पाहुणी म्हणून नव्हे. या दिवसांत घरोघरी गौराई बसलेली असते. तीही माहेरपणाला आलेली, तिलाही शंकर न्यावयास येणार. त्यामुळे लेकीच्या विश्रांतीला देवीच्या विश्रांतीची सनद मिळते. तिने चूल पेटवू नये, पाणी भरू नये, कोणाच्या हाकेला ओ देण्यास बांधलेली असू नये. घरातील वहिनीला हे सारे दुप्पट करावे लागते, हे खरे. तीही कोणाची तरी लेक असते आणि तिचाही मुराळी कोठेतरी पोचावयाचा असतो.

एवढे झाल्यावरच झोका. दोर झाडाला त्यापूर्वीच बांधलेला असेल, मुली त्यावर आठवडाभर हिंदोळत असतील. पण आखाजीच्या दिवशी झोक्याला जो रंग येतो तो घागर भरून झाल्यावर. माझे म्हणणे थोडक्यात हे की, पूर्णकाम झाल्यावाचून लीला संभवत नाही ही वेदान्ताची अट या सणाने जशीच्या तशी स्वीकारली, आणि पूर्णकामत्व जन्मभर साधणार नाही हे ओळखून ते एका दुपारपुरते परंपरेच्या हुकमाने बहाल केले. सकाळी सर्व देणी फेडून बेबाक झालेला मनुष्य तेवढ्या वेळेपुरता आचार्यांच्या दृष्टांतातला राजा असतो.

आता झोक्याकडे पाहा. त्यात कोणी जिंकत नाही. विलायतेत वसंत आला की हिरवळीवर खेळावयाचे जे सभ्य खेळ निघाले, त्यांचा इतिहास दोन पिढ्यांत नियमावली, चषक आणि वर्गणी यांच्याकडे वळला. क्रोकेसाठी 1868 साली निघालेल्या क्लबाने 1877 साली विंबल्डनला टेनिसचे सामने भरविले आणि पुढे त्या सामन्यांनी क्रोकेला जवळजवळ झाकून टाकले. झोक्याचा सामना भरविण्याची बुद्धी अद्याप कोणास झाली नाही, आणि होऊ नये. निंबाच्या फांदीला दोर, त्यावर पाट, आणि दोघीजणींनी समोरासमोर उभे राहून घेतलेली झेप: जितके पुढे जावे तितकेच मागे यावे लागते, आणि खेळ थांबला की पाट जेथे होता तेथेच असतो. श्रम मात्र खरे असतात, घाम खरा असतो, पोटात पडणारा गोळा खरा असतो. प्रयोजनशून्य प्रवृत्तीचे याहून शुद्ध उदाहरण भाष्यकारांना सापडले असते की नाही याची मला शंका आहे. राजा क्रीडास्थानी रमतो म्हटले तरी त्याच्या रमण्यात वैभवाचे प्रदर्शन थोडेबहुत असतेच.

बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर स्वतंत्र गाणे रचले आहे. जळगावाजवळच्या आसोद्याला 1880 साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही शेतकरीण 1951 साली वारली, आणि पुढच्याच वर्षी तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, तिची गाणी छापून प्रसिद्ध केली, तेव्हा शिष्ट महाराष्ट्राला आपल्या वाङ्मयाचा एक नकाशाच अपुरा होता असे कळून आले. त्या गाण्यातल्या झोक्याचे एक टोक माहेराकडे जाते आणि दुसरे सासरी परतते. बाईने तत्त्वज्ञान सांगितलेले नाही. पण खेळातील निष्प्रयोजन गतीत आयुष्यातील सप्रयोजन गती कशी शिरून बसलेली असते, हे त्या कल्पनेत दिसते. झोका खेळणारीला ठाऊक असते की हे चार दिवस आहेत. ठाऊक असूनही ती उंच जाते. विसर पडल्यामुळे आलेला आनंद निराळा आणि जाणीव जागी असता आलेला निराळा; लीला म्हणावयाची तर या दुसऱ्यालाच म्हणावी लागेल, कारण ईश्वराला काही विसर पडलेला नसतो.

निंबाखालून पाराकडे वळले की दृश्य बदलते. तेथे पत्त्यांचा डाव मांडलेला असतो. आखाजीला जुगार खेळणे हा खान्देशात जवळजवळ शिरस्ताच झालेला आहे. एरवी पत्त्यास न शिवणारा मनुष्यही त्या दिवशी शास्त्रापुरते बसतो, आणि बसला की उठत नाही. झन्नामन्ना, तीन पत्ती, रमी; चिल्लर, नोटा, आणि रंग चढला की जिभेवरचे आकडे. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अमलात आहे, सार्वजनिक जागी जुगार खेळणाऱ्यास पकडण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला आहे आणि केवळ कौशल्याच्या खेळाला त्यातून वगळलेही आहे. परंतु आखाजीला अंमलदार काणाडोळा करतात असा लौकिक आहे, आणि धाड पडलीच तर लोकांना ती धर्मात ढवळाढवळ वाटते. ती तक्रार अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण द्यूताच्या बाजूने पुराव्याचे दप्तर बरेच जाड आहे.

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाट लागतो. तो घाट चढून वेरूळ गाठावे आणि एकविसाव्या, रामेश्वर नावाच्या लेण्यात शिरावे. तेथे शंकर आणि पार्वती सारीपाट खेळत बसलेले आहेत आणि खाली गण नंदीला छळीत आहेत. म्हणजे गौराई आणि तिला न्यावयास येणारा शंकर यांनाच हा नाद. स्कंदपुराणात तर महादेव पार्वतीकडून सर्वस्व हरतात, आणि रुसून अरण्यात जातात. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंताने आपल्या विभूतींत द्यूताचीही गणना केली आहे. मनूने द्यूताला राज्यातून हाकलून देण्यास सांगितले हे खरे, पण कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमला, फासे सरकारी दिले आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच वसूल करण्याची तजवीज केली. राज्यशास्त्राच्या इतिहासात अशा प्रसंगी मनूपेक्षा कौटिल्याचीच सरशी बहुधा होत आली आहे.

तथापि झोका आणि जुगार यांत मला जो भेद दिसतो तो पावित्र्याचा नाही, ऋणाचा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त वाचावे. जुगाऱ्याचे ते आत्मकथन आहे, आणि त्यात पापाची भीती जवळजवळ नाही. सासू तिरस्कार करते, बायको दुरावते. आणि देण्याने गांजलेला, भ्यालेला तो मनुष्य पैशाच्या आशेने रात्री दुसऱ्यांच्या घरांकडे जातो. त्याला शेवटी मिळणारा उपदेशही परलोकाचा नाही: फासे टाक, शेत कस, तेथेच तुझ्या गाई आहेत, तेथेच तुझी बायको. पेरणीस महिना-सव्वा महिना उरलेला असता पारावर बसून बियाण्याचे पैसे लावणाऱ्या गृहस्थाला याहून नेमका निरोप कोणता पाठवावा? झोका उतरणाऱ्या मुलीकडे कोणाचे काही निघत नाही. डावावरून उठणाऱ्याकडे निघते, किंवा त्याचे दुसऱ्याकडे निघते. सकाळी घागर भरून जे खाते कोरे केले त्यावर संध्याकाळी पहिली नोंद जुगाराने पडते.

महाभारतकारांनी हीच गोष्ट फार मोठ्या पटावर सांगितली. युधिष्ठिर द्यूतास बसतो तो राजसूय पार पडल्यावर, म्हणजे पृथ्वीवर त्याच्याइतका पूर्णकाम राजा दुसरा नसताना. दृष्टांतातील राजाला जे शोभले ते याला का शोभले नाही? कारण याच्या खेळाला पण होता. आणि खरी अंगावर काटा आणणारी गोष्ट पहिल्या द्यूतात नाही, दुसऱ्यात आहे. द्रौपदीने धृतराष्ट्राकडून वर मागून पतींना दास्यातून सोडविले, गेलेले सर्व परत मिळाले, फारखती झाल्यासारखे सारे इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. आणि निरोप येताच धर्मराज परत फिरले आणि पुन्हा बसले. एका बाईने मिळविलेली ऋणमुक्ती एका डावात गेली. खान्देशातल्या किती घरांत त्या संध्याकाळी हे सभापर्व थोडक्यात पुन्हा घडत असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही. बायका ती मनात ठेवतात.

योहान हुइझिंगा या डच पंडिताने 1938 साली क्रीडेवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात आपल्या द्यूतमंडलाचा उल्लेख आहे. जमिनीवर काळजीपूर्वक वर्तुळ आखावयाचे, खेळाडूंनी त्यात बसावयाचे, आणि सर्व देणी चुकती केल्यावाचून त्याबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, असा तो नियम. म्हणजे प्राचीनांना धोका पुरता कळलेला होता. खेळातले ऋण खेळाच्या वर्तुळाबाहेर सांडू नये एवढाच त्यांचा बंदोबस्त होता. पारावरच्या डावाला असे वर्तुळ नाही. तेथले देणे घरी येते, आणि आखाजी संपून मृगाचा पाऊस पडला तरी ते उभेच असते. मला विचाराल तर आखाजीच्या पत्त्यांवर बंदी घालण्यापेक्षा ते द्यूतमंडल पुन्हा आखावे, जे जवळ रोख आहे तेवढेच लावावे आणि उधारीचा शब्द निघताच डाव मोडावा, हे धर्माला अधिक धरून होईल. पोलीस पाटलाला हे पटणार नाही, आणि त्याच्या जागी तोही बरोबर आहे.

येथवर मी सणाची बाजू मांडली. आता तिच्यातील वर्म सांगणे प्राप्त आहे. सालदाराचे खाते आखाजीला बेबाक होते असे मी वर लिहिले, ते पूर्ण खरे नाही. पुष्कळांच्या बाबतीत मागच्या सालाची काही ना काही बाकी फिरते, आणि नव्या सालाची बोली होते ती उचल घेऊनच. लेकराचे आजारपण, घराचे छप्पर, सणाचाच खर्च, यांसाठी पुढच्या वर्षाच्या श्रमाचे पैसे तो आज घेतो. म्हणजे ज्या दुपारी तो राजा व्हावयाचा त्याच दुपारी पुढील बारा महिने विकून मोकळा होतो. जुने आणि नवे यांच्यामधली जी फट मी मोठ्या कौतुकाने दाखविली, तीत प्रत्यक्षात मालकाची वही अगोदरच सरकवून ठेवलेली असते. पत्त्याच्या डावात त्याला बसलेला पाहून सभ्य लोक नाक मुरडतात. ज्याचे पुढचे वर्ष गहाण आहे त्याला खेळातला पण हा निराळा धोका वाटतच नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्या अवधीत आखाजीही येऊन गेली; बाहेर निंबांना झोके बांधलेले आणि आत भक्तियोगाचा अध्याय जवळ आलेला, असे ते दिवस असावेत. विनोबांचा मार्ग सणाच्या मार्गाहून भिन्न आहे. देणी फेडून खेळास मोकळे व्हा, असे ते म्हणत नाहीत. कर्मात मन ओतले, त्याला विकर्माची जोड मिळाली, की कर्माचे ओझेच उरत नाही, असे ते सांगतात; म्हणजे खेळासाठी वेगळी दुपार काढावी लागू नये, राबणेच खेळाइतके हलके व्हावे. तुकोबांनी फुगडी, हुतूतू, चेंडूफळी, विटीदांडू यांवर अभंग रचून परमार्थ खेळात आणून ठेवला. येथे कामच खेळाच्या कक्षेत येते. मला हा विचार फार मोठा वाटतो, आणि बंदिवासात, जेथे मनुष्याजवळ स्वतःचे म्हणावे असे दुसरे काही राहिलेले नसते, तेथे तो सांगितला गेला याचे महत्त्वही कळते. पण सालदाराला तो सांगताना माझी जीभ अडते. फळाचा त्याग करावा हे खरे. परंतु ज्याचे फळ पेरणीपूर्वीच दुसऱ्याच्या वहीत जमा झाले आहे, त्याने त्याग कशाचा करावयाचा? त्यागालाही मालकी लागते. अमळनेरला मास्तरकी केलेल्या आणि पुढे शेतकरी-कामगारांच्या लढ्यात उतरलेल्या साने गुरुजींना हा प्रश्न टोचला असणार असे त्यांच्या उत्तरायुष्यावरून वाटते.

आचार्यांचा राजा क्रीडास्थानी रमतो तेव्हा त्याला काही नको असते, हे मान्य. ते उद्यान शिंपणाऱ्याला काय हवे होते, याची चौकशी दृष्टांतात नाही. बादरायणांना मात्र ती शंका आली होती. लीलेच्या सूत्राला लागूनच पुढचे सूत्र येते, आणि त्यात ईश्वरावर विषमतेचा आणि निर्दयपणाचा आरोप घेऊन त्याचे निरसन केले आहे. निरसन असे की, ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्मानुसार देतो, स्वतःच्या मर्जीने नव्हे. सृष्टी अनादी असल्यामुळे मागचे खाते कोठून सुरू झाले हा प्रश्नच उद्भवत नाही. तर्क म्हणून तो निर्दोष असेल. परंतु प्रयोजनमुक्त क्रीडेवरचा ठपका दूर करण्यासाठी शास्त्राला पुन्हा जन्मोजन्मीची खतावणीच उघडावी लागली, आणि जिचे पहिले पान कोणालाच पाहावयास मिळत नाही अशी वही म्हणजे काय, हे सालदाराला भाष्यावाचून समजते.